पहिल्या हंगामासाठी ॲरो रेस्ट: बिस्किट, केबल की लिम्ब?

मॅडिसनकर

नमस्कार मंडळी. मी विस्कॉन्सिनमध्ये मॅडिसनजवळ राहतो. शिकारी-शिक्षणाचा अभ्यासक्रम पूर्ण करून परवाना काढला आहे आणि सप्टेंबरच्या मध्याला तिरंदाजीचा हंगाम उघडेल, तेव्हा पांढऱ्या शेपटीच्या हरणासाठी प्रथमच मचाणावर बसणार आहे. हा हंगाम जानेवारीच्या आरंभापर्यंत चालतो, त्यामुळे सुरुवातीचा उकाडा आणि डिसेंबरातील बोचरी थंडी या दोन्हींत तेच धनुष्य वापरावे लागेल, हे गृहीत धरून विचारतो आहे.

धनुष्य जुने, पण सुस्थितीतील कंपाउंड, म्हणजे टोकांना चाके आणि त्यांवरून केबली असलेले, आहे. ओढ ५५ पौंड, म्हणजे येथील कायद्याने मागितलेल्या ३० पौंडांपेक्षा बरीच अधिक. ड्रॉची, म्हणजे पूर्ण मागे ओढण्याची, लांबी २८ इंच. रेस्ट, म्हणजे सुटेपर्यंत बाण ज्यावर टेकतो तो आधार, बसवण्यासाठी रायझरला (धनुष्याच्या मुठीकडच्या ताठ भागाला) नेहमीचे स्क्रूचे छिद्र, म्हणजे बर्गर छिद्र, आहे. नव्या धनुष्यांच्या रायझरला मागील बाजूस जी खाच कोरलेली असते, ती नाही. बाण ४०० स्पाइनचे (स्पाइन म्हणजे काडीच्या ताठपणाचा आकडा), तीन प्लास्टिक पिसांचे, पिसे किंचित पिळदार बसवलेली. टोकाला स्थिर पात्यांचे ब्रॉडहेड, म्हणजे शिकारीचे धारदार टोक, लावणार आहे.

अडचण रेस्टची आहे. ज्यांच्याकडून धनुष्य घेतले ते स्पर्धांमध्ये भाग घेत असल्यामुळे त्यावर पातळ पोलादी पात्याचा रेस्ट बसवलेला आहे. क्लबच्या मैदानावर सरळ उभे राहून बाण सोडताना त्याबद्दल काहीही तक्रार नाही. मात्र मचाणावरून धरतात तसा कंबरेत वाकून खाली नेम धरला की बाण पात्यावरून घरंगळतो आणि रायझरवर टक्‌ असा आवाज होतो. दुकानदाराने लिम्बला, म्हणजे धनुष्याच्या वाकणाऱ्या भागाला, दोरी बांधून चालणारा ड्रॉप-अवे (बाण सुटताच खाली पडणारा रेस्ट) सुचवला. क्लबमधील एका ज्येष्ठ शिकाऱ्याने ‘बिस्किट लावा आणि विसरून जा’ असे सांगितले. आणि इतरत्र वाचावे तर जो तो केबलवर चालणाऱ्या रेस्टची तारीफ करतो. २५ यार्डांपलीकडे बाण सोडायचा नाही, हे मी ठरवलेले आहे. किंमत हा मुख्य प्रश्न नाही, परंतु धनुष्य दाबून केबल सैल करण्याचा प्रेस माझ्याकडे नाही आणि प्रत्येक लहानसहान कामासाठी दुकानात खेपा घालण्याची इच्छाही नाही. अशा परिस्थितीत आपण काय निवडाल आणि का?


उत्तरेचा वारा

नमस्कार. मी मिनेसोटाच्या उत्तर भागात राहतो आणि आजही व्हिस्कर बिस्किटच वापरतो, तेव्हा माझे मत कोणत्या बाजूला झुकलेले आहे हे आधीच सांगून टाकतो.

बिस्किट म्हणजे ताठ केसांचे एक कडे, मध्ये बाणाच्या काडीएवढे छिद्र आणि वरून बाण आत सरकवण्यासाठी एक फट. खालच्या बाजूचे केस काळे आणि अधिक राठ असतात, कारण बाणाचे वजन त्यांच्यावर असते. बाकीचे तपकिरी आणि मऊ. एवढाच काय तो त्याचा कारभार. त्यात हलणारा भाग नाही, दोरी नाही, स्प्रिंग नाही, वेळ जुळवण्याचा प्रश्न नाही. तुम्ही वाका, वळा, उलटे लटका, बाण जागचा हलत नाही. तुमची मूळ तक्रार एवढीच असेल, तर ती चाळीस-पन्नास डॉलरांत मिटते.

त्याच्यावर पहिला आक्षेप वेगाचा घेतला जातो. पिसे केसांतून घासून जातात, त्यामुळे बाणाचा वेग सेकंदाला दोन-चार फुटांनी कमी होतो, हे खरे आहे. आता हिशेब करू. तुमचा बाण सेकंदाला २६० फूट जातो असे धरले, तर २० यार्ड म्हणजे ६० फूट कापायला त्याला सुमारे ०.२३ सेकंद लागतात. वेग ३ फुटांनी घटला तर बाण तेवढ्या अंतरात जेमतेम पाव इंच अधिक खाली जातो, आणि बिस्किट बसवल्यावर तुम्ही साइट (नेम धरण्याचे साधन) पुन्हा जुळवणारच आहात, तेव्हा तो पाव इंचही उरत नाही. माझ्या मते वेगाची ही चर्चा मुख्यतः जाहिरातींनी वाढवलेली आहे.

आवाजाचे गणित मात्र गंभीरपणे घ्यावे. ध्वनी सेकंदाला साधारण ११०० फूट जातो, म्हणजे धनुष्याचा आवाज हरणाच्या कानी ०.०५ सेकंदात पोहोचतो आणि बाण त्यानंतर ०.१७ सेकंदाहून अधिक काळाने. सावध असलेले हरीण तेवढ्या वेळात उसळी घेण्यासाठी पाय दुमडून खाली दबते आणि बाण पाठीवरून निघून जातो. त्यामुळे वेगवान धनुष्यापेक्षा मुके धनुष्य मला अधिक प्रिय आहे. बिस्किटातून बाण मागे ओढताना अगदी बारीक खसखस होते. शांत, गारठलेल्या सकाळी ती जवळच्या हरणाला ऐकू जाऊ शकते, हे मान्य करतो.

दोन पथ्ये पाळावीत. बिस्किट बाणाच्या जाडीप्रमाणे निवडावे. छिद्र सैल असेल तर बाण डुलतो आणि घट्ट असेल तर पिसांची चाळण होते. दुसरे, वेगळ्या रंगाचे पीस सरळ वर ठेवावे, म्हणजे खालची दोन पिसे त्या राठ काळ्या केसांच्या दोन बाजूंनी जातात. एवढे करूनही सरावाच्या बाणांच्या पिसांच्या कडा काही आठवड्यांत सुरकुततात. शिकारीचे बाण वेगळे ठेवावेत आणि केस झिजले की कडे बदलावे.


केबलगार्ड

मी मिशिगनमधील एका तिरंदाजीच्या दुकानात धनुष्ये जुळवण्याचे काम करतो. वरील उत्तरातील वेगाचा हिशेब बरोबर आहे आणि मी त्यात भर घालणार नाही. तरीही मॅडिसनकरांना मी बिस्किट सुचवणार नाही. त्याचे कारण त्यांच्या प्रश्नातील एका वाक्यात आहे: स्थिर पात्यांचे ब्रॉडहेड.

स्थिर पाती ही बाणाच्या पुढच्या टोकाला लावलेली पिसेच असतात. बाण किंचित तिरका निघाला तरी साधे फील्ड पॉइंट, म्हणजे सरावाची बिनपात्यांची टोके, ते झाकून नेतात. ब्रॉडहेड ते झाकत नाहीत, उलट त्या तिरकेपणाला हवेचा आधार देतात. बिस्किटात बाण अगदी शेवटच्या पिसापर्यंत रेस्टला टेकलेला असतो, म्हणून सोडण्याच्या क्षणी मुठीने धनुष्याला जो पीळ दिला जातो तो बाणाला जास्त काळ सोसावा लागतो. अनुभवी हात हे निभावून नेतो. ज्याचा पहिला हंगाम आहे, ज्याची मूठ थंडीत आणि घाईत आवळली जाणार आहे, त्याला थोडी सवलत मिळावी असे मला वाटते, आणि ती ड्रॉप-अवे देतो. बाणाने वेग घेतला की आधाराची भुजा खाली पडते आणि पिसे कशालाही न लागता निघून जातात.

ड्रॉप-अवेचे दोन मार्ग आहेत आणि त्यांतील फरक नीट समजून घेतला पाहिजे, कारण बहुतेक गोंधळ येथेच होतो.

केबलवर चालणाऱ्या साध्या रेस्टमध्ये स्प्रिंग भुजेला खाली ओढत असते. धनुष्य ओढताना खाली सरकणाऱ्या केबलला एक बारीक दोरी बांधलेली असते. केबल खाली आली की दोरी ताणली जाते आणि भुजा ड्रॉच्या शेवटच्या टप्प्यात वर उभी राहते. बाण सुटताच केबल परत वर जाते, दोरी सैल पडते, स्प्रिंग भुजेला खाली घेते. याचाच सुधारलेला प्रकार म्हणजे खटक्याचा रेस्ट: अंगठ्याने भुजा आधीच वर अडकवून ठेवता येते, धनुष्य सावकाश उतरवले तर ती वरच राहते आणि बाण सुटतानाच्या झटक्यानेच खाली जाते. क्यूएडी या कंपनीचा अल्ट्रारेस्ट हे त्याचे सर्वांत परिचित उदाहरण, आणि शिकाऱ्यांमध्ये तो इतका पसरला आहे तो याच सोयीमुळे.

लिम्बवर चालणाऱ्या रेस्टमध्ये सगळे उलटे असते. येथे स्प्रिंग भुजेला वर ढकलत असते आणि लिम्बला बांधलेली ताणलेली दोरी तिला खाली दाबून ठेवते. धनुष्य ओढले की लिम्ब वाकतो, दोरी सैल होते, भुजा वर येते. बाण सुटला की लिम्ब सरळ होता होता दोरी झटकन ताणतो आणि भुजेला खाली खेचतो. हॅमस्की आणि व्हेपर ट्रेल या कंपन्यांचे रेस्ट या पद्धतीचे आहेत. यात भुजा ड्रॉच्या आरंभीच्या भागातच वर येते आणि बाणाला केबलवाल्यापेक्षा अधिक काळ आधार देते, त्यामुळे ब्रॉडहेड जुळवणे मला तरी सोपे जाते.

आता निवडीसाठी मी ग्राहकाला जो प्रश्न विचारतो तो असा: दोरी तुटली किंवा सुटली तर काय होईल? साध्या केबल रेस्टची दोरी गेली तर भुजा खालीच पडून राहते. बाणाला आधारच नसतो आणि त्या दिवसाची शिकार संपते. लिम्ब रेस्टची दोरी गेली तर स्प्रिंग भुजेला वर धरून ठेवते. पिसे भुजेला घासतील, नेम थोडा हलेल, पण जवळच्या अंतरावर बाण सोडण्याजोगा राहतो. दुसरे असे की, केबलमध्ये दोरी पक्की बसवायची तर केबलचे पदर उघडून ती त्यांतून ओवावी लागते, आणि त्यासाठी प्रेस लागतो. छोटा चिमटा लावून प्रेसशिवायही बांधता येते, परंतु नवी केबल ताणली गेली किंवा चिमटा दोन-तीन मिलिमीटर सरकला की भुजा वर येण्याची वेळ बदलते. लिम्बला दोरी बांधायला प्रेस लागत नाही आणि उद्या तुम्ही स्ट्रिंग-केबल बदलल्या तरी रेस्टला हात लावावा लागत नाही.

म्हणून तुमच्या दुकानदाराशी मी सहमत आहे. फक्त एक अट घालेन: भुजेभोवती बाणाला पूर्ण कोंडून ठेवणारे कडे असलेलेच मॉडेल घ्या. उघड्या, इंग्रजी ‘व्ही’ आकाराच्या भुजेतून बाण वाकताच निसटतो आणि तुम्ही पुन्हा आज आहात तेथेच येता. असे रेस्ट साधारण दीडशे डॉलरांपासून पुढे मिळतात. बर्गर छिद्राला चालणारा नमुनाच मागा. खाचेवर बसणारा तुमच्या धनुष्याला लागणार नाही.


सातारकर

मी शिकार करत नाही. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो प्रश्नच मिटवलेला आहे. परंतु कंपाउंड धनुष्यावर रोज सराव करते आणि चर्चेत पात्याच्या रेस्टचा उल्लेख आला, म्हणून लिहिते.

मॅडिसनकरांनी पात्याला नावे ठेवलेली नाहीत, हे बरे केले. आमच्याकडे स्पर्धेत प्रामुख्याने तेच दिसते. २०२३ मध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत सातारच्या अदिती स्वामी आणि नागपूरचे ओजस देवतळे यांनी कंपाउंडची वैयक्तिक सुवर्णपदके जिंकली, तेव्हापासून आमच्या भागातील मैदानांवर नव्या मुलांची गर्दी वाढली आहे आणि प्रत्येकाचा पहिला प्रश्न पाते किती जाडीचे घ्यावे हाच असतो. ०.००८ पासून ०.०१२ इंचापर्यंतची पाती मिळतात; हलक्या बाणाला पातळ, जड बाणाला जाड. पाते साधारण ३० अंशांच्या कलाने उभे असते आणि बाण जाताना किंचित लवते. त्यात दोरी नाही, वेळेची भानगड नाही, प्रत्येक बाणाला वागणूक सारखी. पण हे सगळे ५० मीटरवरच्या स्थिर लक्ष्यासाठी, सपाट मैदानावर, सरळ उभे राहून आणि घाई नसताना. वाकून नेम धरण्यासाठी ते घडवलेलेच नाही.

केबलगार्ड यांनी मुठीच्या पिळाचा उल्लेख केला आहे, त्याला एक पुरवणी जोडते. पिळाचा परिणाम रेस्टच्या प्रकाराइतकाच रेस्ट मनगटाच्या पुढे आहे की मागे, यावरही अवलंबून असतो. आम्ही मुद्दाम मुठीला थोडा डावा-उजवा पीळ देऊन बाण सोडतो आणि रेस्ट पुढे-मागे सरकवत जातो. ज्या जागी तो पीळ बाणाच्या गटात सर्वांत कमी दिसतो तेथे रेस्ट कायम करतो. बहुधा ती जागा मुठीच्या खोबणीच्या किंचित मागे सापडते. ड्रॉप-अवे बसवताना ही संधी दवडू नये. मात्र रेस्ट मागे नेताना ब्रॉडहेडची पाती पूर्ण ड्रॉमध्ये बोटांपासून आणि रायझरपासून मोकळी राहतात का, हे पाहायलाच हवे. फील्ड पॉइंटवर सराव करणाऱ्याच्या हे लक्षात येत नाही.

बिस्किटाबद्दल माझा विरोध इतका तीव्र नाही. २५ यार्डांवर नवख्या धनुर्धराच्या मुठीतील फरक कोणत्याही दोन रेस्टमधील फरकापेक्षा मोठा असतो. मूठ सैल ठेवा, बोटे पुढे मोकळी सोडा, धनुष्याचा भार अंगठ्याच्या गादीवर घ्या. हे विनामूल्य आहे.


मॅडिसनकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. दोरी तुटल्यास काय होईल या प्रश्नाने माझा कल लिम्बवर चालणाऱ्या रेस्टकडे झुकला आहे, परंतु दोन शंका उरतात.

पहिली अशी की, शिकारीत धनुष्य ओढल्यावर हरीण झाडाआड थांबले तर ते सावकाश उतरवावे लागते, असे अभ्यासक्रमात शिकवले होते. लिम्बवाल्या रेस्टमध्ये त्या वेळी भुजा खाली जाईल, मग बाणाचे काय होईल? दुसरी शंका थंडीची. डिसेंबरमध्ये आधी रिमझिम आणि मग रात्रीत गोठणे, असे येथे वारंवार होते. अशा वेळी स्प्रिंग आणि दोरी यांवर किती विसंबावे? जाड हातमोजे घालून बाण रेस्टमध्ये ठेवता येतो का, हेही कोणी सांगितल्यास बरे होईल.


उत्तरेचा वारा

थंडीबद्दल मी सांगतो, कारण त्या बाबतीत मी बिस्किटाचीही तरफदारी करत नाही. पावसाने भिजलेले केस रात्री गोठले की त्यांचा एकसंध गठ्ठा होतो. बाण आत तर जातो, पण केस वाकत नाहीत आणि पिसे त्यांवर आपटून जातात. कोरड्या, भुसभुशीत बर्फाचा तितकासा त्रास होत नाही. ओल आणि त्यानंतरचे गोठणे हेच खरे दुखणे. मी मचाणावर बसल्यावर अधूनमधून अंगठ्याने केस मोकळे करतो आणि बाण एकदा थोडा मागे-पुढे सरकवून पाहतो.

ड्रॉप-अवेवर बसणारे माझे सोबतीही तेच करतात, फक्त केसांऐवजी भुजा. ओलसर हवेत भुजेच्या धुरीत पाणी शिरून गोठले तर ती अर्ध्यावर अडते. रेस्टच्या धुरीत दाट ग्रीस घालू नये. थंडीत ते मधासारखे घट्ट होते. उत्पादक सांगतो ते पातळ किंवा कोरडे वंगण, तेही थेंबभर. आणि रात्री धनुष्य उबदार घरात आणून पहाटे थेट गारठ्यात नेऊ नये. घरातील बाष्प धातूवर जमते आणि बाहेर त्याचा बर्फ होतो. मी हंगामभर धनुष्य गरम न केलेल्या गॅरेजमध्ये, पेटीत ठेवतो.

दोरीचा एक धोका कोणी सांगितला नाही. मचाणावर चढताना धनुष्य हातात धरायचे नसते. हार्नेस (सुरक्षेचा पट्टा) अडकवून आधी आपण वर जायचे आणि मग बाण न लावलेले धनुष्य दोराने वर ओढून घ्यायचे. त्या वेळी रेस्टपासून लिम्बपर्यंत गेलेली ती बारीक दोरी फांदीत किंवा झाडाच्या सालीत हमखास अडकते. अंधारात ते दिसत नाही. वर आल्यावर दोरीवरून रेस्टपासून गाठीपर्यंत एकदा बोट फिरवावे. बिस्किटवाल्यांना हा उपद्व्याप नाही, एवढे बोलून माझी बाजू संपवतो.


केबलगार्ड

उतरवण्याबद्दल. लिम्बवाल्या रेस्टमध्ये धनुष्य सावकाश उतरवले की भुजाही सावकाश खाली येते आणि बाण तिच्यासोबत खाली येऊन कड्याच्या तळाशी विसावतो. कडे असल्यामुळे तो बाहेर पडत नाही, आणि पुन्हा ओढल्यावर भुजा त्याला उचलून मधोमध आणते. कड्याशिवायच्या मॉडेलमध्ये मात्र तो रायझरच्या फळीवर पडतो. म्हणूनच कडे असावे असा माझा आग्रह होता. याउलट खटक्याच्या केबल रेस्टमध्ये भुजा वरच राहते. ही एक बाब त्याची निर्विवाद सरस आहे आणि ज्यांना वारंवार असे उतरवावे लागते ते त्यासाठीच तो घेतात. तुमच्याकडे प्रेस असता तर मी दोन्ही समोर ठेवून निवड तुमच्यावर सोडली असती.

बाण खाली येताना टक्‌ होऊ नये म्हणून कड्याच्या आतल्या बाजूला, भुजेच्या दोन्ही टोकांना आणि रायझरच्या फळीवर चिकट पाठीचे पातळ फेल्ट लावा. रेस्टसोबत येणारे फेल्ट बहुधा अपुरे असते. कोपऱ्यात ते उचकटते, म्हणून लावण्यापूर्वी धातू स्पिरिटने पुसा आणि फेल्टचे टोक कडेवरून आत दुमडा. हातमोज्यांचा प्रश्न मॉडेलप्रमाणे बदलतो. काहींत कड्याचा वरचा भाग उघडा असतो आणि बाण वरून दाबून बसवता येतो, काहींत बाजूच्या फटीतून सरकवावा लागतो. दुकानात जाताना तुमचे हिवाळी हातमोजे घेऊन जा आणि तेथेच करून पाहा.

बसवण्याचे काम तुम्ही स्वतः करणार असाल तर क्रम महत्त्वाचा आहे. डी-लूपमधील (प्रत्यंचेवर बांधलेल्या लहान फासातील) नॉक, म्हणजे बाणाच्या मागच्या टोकाची खाच, आणि बाणाची काडी प्रत्यंचेशी काटकोनात, किंवा नॉक केसभर वर. बाजूने पाहिले असता काडी बर्गर छिद्राच्या मध्यावरून गेलेली. आडव्या दिशेने रायझरच्या आतल्या बाजूपासून काडीच्या मध्यापर्यंत १३/१६ इंच हे सुरुवातीचे माप बहुतेक धनुष्यांना चालते. तुमच्या धनुष्याच्या उत्पादकाने वेगळे सांगितले असल्यास ते धरा. मग रेस्टची दोरी. धनुष्य न ओढलेले असताना भुजा पूर्ण खाली टेकलेली हवी आणि दोरी ताणलेली हवी, पण भुजेच्या अडकणीवर ती सतत जोर देत राहील इतकी नव्हे. गाठ घट्ट केल्यावर टोक लायटरने वितळवून त्याचा गोळा करा, नाहीतर ही गुळगुळीत दोरी गाठीतून हळूच निसटते. गाठीच्या कडेला चांदीच्या मार्करने रेघ ओढून ठेवा. रेघ आणि गाठ यांच्यात अंतर दिसले की दोरी सरकली, हे डोळ्यांना लगेच कळते.

यानंतर थेट कागदातून बाण सोडून फाट पाहण्याकडे वळू नका. आधी पिसे कशाला लागतात का ते तपासा. औषधांच्या दुकानात पायांना मारायची पांढरी पावडर फवारणीच्या डब्यात मिळते. बाणाच्या मागच्या सहा-सात इंचांवर आणि पिसांवर तिचा पातळ थर द्या, भुजेवर, कड्यावर आणि केबलींवरही द्या, आणि जवळच्या लक्ष्यात एक बाण सोडा. जेथे स्पर्श झाला असेल तेथे पावडर पुसलेली दिसते; पिसाच्या कडेला काळी रेघ उमटली असेल तर ती कुठे लागली, हे दुसऱ्या बाजूला जुळणाऱ्या रेघेवरून सापडते. पुष्कळदा दोष रेस्टचा नसतो आणि पीस केबलला लागत असते. अशा वेळी नॉक थोडा फिरवला की काम होते. पिसांचा स्पर्श बाकी असताना कागदावरच्या फाटीवरून रेस्ट हलवत बसणे म्हणजे निव्वळ वेळ घालवणे.

स्पर्श नाही हे ठरल्यावर सुमारे दोन मीटरवरून कागदातून बाण सोडा. पिसांची फाट टोकाच्या छिद्राच्या वर असेल तर रेस्ट किंचित वर घ्या किंवा नॉकची जागा खाली घ्या. आडवी फाट असेल तर आधी मूठ तपासा, मग रेस्ट. आणि एका वेळी १/३२ इंचाहून अधिक हलवू नका. शेवटी २० यार्डांवर फील्ड पॉइंट आणि ब्रॉडहेड आळीपाळीने सोडा. ब्रॉडहेड डावीकडे पडत असतील तर रेस्ट अगदी थोडा उजवीकडे, म्हणजे ब्रॉडहेडना फील्ड पॉइंटकडे आणायचे, हा नियम. साइटला या वेळी हात लावायचा नाही. दोन्ही एकाच जागी पडू लागल्यावरच साइट जुळवायची.

सातारकर ताईंनी रेस्ट पुढे-मागे करण्याबद्दल सांगितले आहे. ते करायचे असल्यास कागदाच्या आधी करा, कारण नंतर केले तर सगळी मापे पुन्हा घ्यावी लागतात.


मॅडिसनकर

आता चित्र स्पष्ट झाले. कडे असलेला, लिम्बवर चालणारा, बर्गर छिद्राचा रेस्ट घेतो आहे, आणि जुलैअखेर बसवून ऑगस्टभर ब्रॉडहेडसह सराव करण्याचा विचार आहे. शेवटचा प्रश्न: उत्तरेचा वारा यांच्या सल्ल्याचा मान राखून पिशवीत एक बिस्किट जादा ठेवावे का? मुख्य रेस्ट बिघडला तर जंगलात बदलता येईल, अशी कल्पना आहे.


उत्तरेचा वारा

मान राखल्याबद्दल आभारी आहे, पण ते करू नका. रेस्ट बदलला की नेम बदलतो, आणि जंगलात साइट पुन्हा जुळवता येत नाही. न तपासलेल्या नेमाने हरणावर बाण सोडणे योग्य नाही. मुख्य रेस्टच बिघडला तर त्या दिवशी खाली उतरून घरी यावे.


केबलगार्ड

सहमत. रेस्टऐवजी त्याच जाडीची दोन फूट दोरी, एक लायटर आणि रेस्टच्या स्क्रूंना लागणाऱ्या ॲलन चाव्या जवळ ठेवा. दोरी गेली तर जुन्या खुणेवर नवी बांधता येते आणि नेम हलत नाही, कारण भुजेची जागा स्क्रूंनी ठरते, दोरीने नाही. तरी बांधल्यावर धनुष्य एकदा ओढून सावकाश उतरवून पाहा आणि भुजा पूर्ण वर-खाली होते याची खात्री करा. बाण लावल्याशिवाय ओढलेली प्रत्यंचा मात्र चुकूनही सोडू नका, लिम्ब आणि कॅम (लिम्बच्या टोकाचे चाक) दोन्हींचे नुकसान होते. आणि सर्व जुळणी संपल्यावर माउंटिंगच्या स्क्रूला निळ्या रंगाचे थ्रेडलॉकर (स्क्रू सैल होऊ न देणारा चिकट द्रव) लावा. लाल लावू नका. ते उष्णता दिल्याशिवाय सुटत नाही.